बारा किलोंची पिशवी

छकुली हे नाव नोंदवहीत वाचून मी टेबलावर छोटा टॉवेल अंथरून ठेवला होता. दार ढकलून आत आली ती ग्रेट डेन, कुत्र्यांच्या अवाढव्य जातींपैकी एक. वय साडेचार महिने, काट्यावर वजन ३४ किलो, आणि मागोमाग सहकारनगरातले आजोबा, आजी आणि दहावीतला नातू. सूनबाई कर्वे रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधत होत्या. तपासणी संपेपर्यंत त्यांना ती मिळाली नाही.

आषाढातला शनिवार होता, सकाळपासून झड लागलेली. आजोबांनी खुर्चीत बसायच्या आधीच निदान सांगून टाकलं. "डॉक्टर, महिनाभर ऊन नाही. ड जीवनसत्त्व कमी पडलंय, म्हणून पाय वाकले. कॅल्शियम आम्ही दुप्पट केलंय, पण ऊनच नसेल तर ते अंगी लागणार कसं?"

पाय वाकले होते हे खरं. पुढचे दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले, मनगटाचा सांधा जाडसर, आणि डावा पाय टेकला की लगेच उचलत होती. ताप नव्हता. सांधा दाबला तेव्हा ती ओरडली नाही, पाय ओढून घेतला आणि माझा कान चाटला.

उन्हाचा मुद्दा मात्र तिथंच निकालात काढावा लागला. माणसाच्या कातडीत उन्हामुळे ड जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ते नगण्य होतं. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि चांगल्या तयार खाण्यात ते घातलेलं असतं.

"मग मे महिन्यात रोज सकाळी मी हिला घेऊन तासभर गच्चीवर बसलो ते?"

"तुम्हाला फायदा झाला असेल, काका."

आजी हसल्या. आजोबा हसले नाहीत.

मग मी नातवाला बरगड्या कशा बघायच्या ते दाखवलं. आपला पंजा टेबलावर पालथा, सरळ ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं पेरांच्या ओळीवरून फिरवायची. हाडं हलकी हलकी लागतात. पिल्लाच्या बरगड्या हाताला अशाच लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर पेरं वर येतात तशा लागल्या तर ते हाडकलेलं, आणि तळव्याच्या गादीसारखं लागलं तर लठ्ठ. छकुलीच्या बरगड्या शोधायला मुलाला चांगलंच दाबावं लागलं. आजी म्हणाल्या, "बाळसं आहे हो ते." माझ्या दवाखान्यात हा शब्द रोज येतो, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बाबतीत तो ऐकला की मी सावध होते. या पिल्लांना बाळसं परवडत नाही. हाडं कच्ची असतानाच त्यांच्यावर नको तेवढं वजन येतं.

एक्स-रेमध्ये जे दिसेल असं वाटलं होतं तेच दिसलं. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, एक जाड आणि एक बारीक. दोन्ही जोडीनं वाढावी लागतात. बारीक हाडाच्या खालच्या टोकाला वाढीची जी पट्टी असते, तिथं कूर्चेचा, म्हणजे हाड होण्याआधीच्या लवचीक थराचा, एक निमुळता भाग हाडात न बदलता तसाच राहून गेला होता. बारीक हाड मागे पडलं, जाड वाढत राहिलं, आणि वाढायला सरळ वाट न मिळाल्यानं कमान धरून वाकलं. डावीकडे जास्त, उजवीकडे थोडं.

"कॅल्शियम कधीपासून देताय?"

घरी आणलं त्या दिवसापासून. ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्यानंच बाटली दिली होती आणि बजावलं होतं, की डेनला कॅल्शियम लागतंच, नाहीतर पाय वाकतात. पाय वाकायला लागल्यावर फोन केला तर तो म्हणाला, डोस वाढवा. मग वरून एक पावडर आली. मग पावसाळा आला आणि दोन्ही दुप्पट झालं.

इथं मला खुर्ची पुढे ओढून बसावं लागलं, कारण हे घाईत सांगून पटत नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम घेतं आणि उरलेलं सोडून देतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते आवरता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातला मोठा हिस्सा रक्तात उतरतोच. शरीर मग तो साठा हाडांकडे ढकलतं, आणि या गडबडीत कूर्चेचं हाड होण्याची नेहमीची घडामोड मंदावते. हाडं मजबूत व्हावीत म्हणून दिलेलं कॅल्शियम हाड होऊ देत नाही. १९८०च्या दशकात नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्याच पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन हे पाहिलेलं आहे. वाकलेले पाय, बारीक हाडातली न बदललेली कूर्चा, सगळं तिथं नोंदलेलं आहे. त्याही आधी, १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डेनच्याच पिल्लांवरचा अभ्यास आला होता. काही पिल्लांना हवं तेवढं खाऊ दिलं, काहींना बेतानं. भरपूर खाणारी भराभर वाढली आणि हाडांच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त निघाल्या.

आजोबा हे सगळं लिहून घेत होते. आतापर्यंत माझं त्यांच्या मांडीवरच्या वहीकडे लक्ष नव्हतं. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची, वर 'छकुली : आहार' अशी चिठ्ठी. आजोबा निवृत्त ऑडिटर निघाले.

"अति खाण्याचा प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि वही माझ्यापुढे सरकवली. सकाळी सात, १८० ग्रॅम. दुपारी एक, १८० ग्रॅम. संध्याकाळी सात, १८० ग्रॅम. रोज. एकूण ५४०. बोहरी आळीतून खास वजनकाटा आणला होता. पिशवीही उत्तम निवडली होती : मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीची, कॅल्शियम १.३ टक्के, किलोला ३७०० किलोकॅलरी. पिशवीवरचा तक्ताही त्यांनी बरोबर वाचला होता, आणि हे मी फार कमी लोकांबद्दल म्हणू शकते. बरेच जण तक्त्यात पिल्लाचं आजचं वजन शोधतात, तर तिथं बहुतेकदा पूर्ण वाढीचं वजन आणि आजचं वय धरायचं असतं. काही जण दिवसभराचा आकडा एका वेळेचा समजतात आणि तो तीनदा घालतात.

मी कागदावर हिशोब मांडला. छकुलीचं वजन खरं तर ३०च्या आसपास हवं होतं. ३०चा पाऊण घात काढून त्याला ७०नं गुणलं की साधारण ९०० किलोकॅलरी येतात. चार महिन्यांपर्यंत पिल्लाला याच्या तिप्पट लागतं, पुढे दुप्पट, आणि एवढ्या मोठ्या जातीला दुपटीच्या जरा वर. म्हणजे दोन हजारांच्या जवळ. ५४० ग्रॅमचे होतात १९९८. वहीतला आकडा इतका चोख होता, की मलाच तो सुचवावा लागला असता. पण वहीप्रमाणे जेवणारी कुत्री ३४ किलोंची कशी झाली?

वहीच्या शेवटच्या पानावर खरेदीच्या नोंदी होत्या. 'नवी पिशवी फोडली, १२ किलो' आणि पुढे तारीख. मी तारखांमधलं अंतर मोजलं. दर पंधरा दिवसांनी नवी पिशवी.

"काका, ५४०च्या हिशोबानं बारा किलो किती दिवस पुरायला हवेत?"

त्यांनी तोंडी भागाकार केला. "बावीस."

"आणि संपतात पंधरा दिवसांत. म्हणजे रोजचे ८००."

आजोबांनी वही ओढून घेतली, चष्मा वर केला, तारखा पुन्हा तपासल्या. मग आधी नातवाकडे आणि नंतर आजींकडे असं पाहिलं, की मला वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं.

"रोज २६० ग्रॅमची तूट आहे या घरात," ते म्हणाले.

पहिला नातू फुटला. 'बस', 'पंजा दे' शिकवताना तो खिशात दाणे ठेवायचा. मी दवाखान्यातला छोटा काटा काढला आणि त्याला नेहमीसारखी मूठ भरायला सांगितलं. ३० ग्रॅम. दिवसातून दोनदा. राहिले २००. आजोबांनी मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मुलगा हिंजवडीत नोकरीला, तिथंच कुठल्यातरी मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होता.

"हो, मी घालतो की रात्री," तो सहज म्हणाला. "साडेअकराला येतो, सगळे झोपलेले, भांडं रिकामं. ही समोर येऊन बसते आणि असं बघते... मला वाटतं कुणी घातलंच नाही."

"भांडं रिकामं असतं कारण ती जेवलेली असते!" आजोबा कडाडले. छकुली उठून उभी राहिली. जेवण हा शब्द तिला कळत होता.

पिशवीचा हिशोब लागला. पिशवीबाहेरचा राहिला होता. आजींनी तो स्वतःहून दिला, फार कमी आवाजात. पहाटे पाचला उठल्यावर अर्धा लिटर म्हशीचं दूध. पोळीवाल्या मावशी पोळ्या करताना ही ओट्याशी बसते, म्हणून पहिली तिची, तूप लावून. मग "तिचं तोंड बघवत नाही" म्हणून आणखी दोन. दुधाचे पाचेकशे, पोळ्यांचे साडेतीनशे, ८०० ग्रॅमचे जवळपास ३०००. गरज दोन हजारांची, पोटात ३८००. आणि त्यावर कॅल्शियमची बाटली न् पावडर.

घरातल्या कुणीही एकट्यानं तिला अति घातलेलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगितलं, कारण आजोबा आता निकाल द्यायच्या तयारीत दिसत होते. हे मी घराघरांत बघते. प्रत्येकाचा घास लहानच असतो. म्हणून 'किती घालता?' या प्रश्नाच्या उत्तरावर माझा भरवसा नसतो. मी विचारते, पिशवी किती दिवस जाते.

आजींनी मध्येच रास्त शंका काढली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या पिल्लाला मीच कॅल्शियम दिलं होतं, ते कसं? ते पिल्लू गावठी, रस्त्यावरून उचललेलं, आणि मालक हौशी. रोज नुसतं बिनहाडांचं चिकन आणि चिमूटभर भात. मांसात कॅल्शियम अगदी नाममात्र असतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून काढत राहतं. सोफ्यावरून उडी मारताना त्याची मांडी मोडली, आणि एक्स-रेवर त्याची हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच पुसट दिसत होती. त्याला कॅल्शियम हवंच होतं. पण तयार, समतोल खाण्यावर वाढणाऱ्या पिल्लाला वरून काही लागत नाही, आणि डेनसारख्या पिल्लाला तर ते बाधतं.

"म्हणजे हिला आता उपाशी ठेवायचं," आजी म्हणाल्या.

आजोबांसाठी माझ्याकडे एक आकडेवारी होती, ती मी आजींना सांगितली. ४८ लॅब्रॅडॉर, जोड्या लावलेले. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, पिल्लूपणापासून शेवटपर्यंत. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, बेतानं खाणाऱ्यांचं १३. सांधेदुखीही त्यांना उशिरा लागली. आजी बराच वेळ छकुलीच्या कानामागे खाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पावणेदोन वर्षं म्हणजे बरीच झाली की हो."

ठरलं ते असं. बाटली आणि पावडर आजपासून बंद. रोज सकाळी आजोबा ५४० ग्रॅम मोजून एका स्टीलच्या डब्यात भरतील आणि दिवसभर सगळे त्यातूनच घेतील : तिन्ही जेवणं, नातवाचे दाणे, रात्रीचा घास, सगळं. डबा रिकामा की दिवस संपला. दूध बंद. पोळी हवीच असेल तर चतकोर, बिनतुपाची, आणि तेवढे दाणे डब्यातून काढून ठेवायचे. दर आठवड्याला वजन, आणि वाढ बघून आकडा बदलायचा. घरात गुळगुळीत फरशी आहे म्हणाले, तिथं जाड सतरंज्या. जिना बंद, उड्या बंद. हाड अजून वाढतं आहे तोवर सुधारणेला वाव असतो, पण डावा पाय पूर्ण सरळ होईलच असं मी कबूल केलं नाही. हाडांच्या सर्जनना फिल्म दाखवायची चिठ्ठी दिली.

पहिले काही दिवस आजींचे फोन आले. ती रडते, डब्याशी बसून राहते. मग फोन थांबले. सहाएक आठवड्यांनी लंगडणं गेलं होतं.

दिवाळीच्या आधी पुन्हा एक्स-रे काढला. आठ महिने, ४३ किलो, बरगड्या पालथ्या हाताच्या पेरांसारख्या लागणाऱ्या. उजवा पाय सरळ. डावा पंजा अजून किंचित बाहेर. सर्जनांच्या मते शस्त्रक्रियेची गरज नाही, वाढीच्या पट्ट्या बंद होईपर्यंत लक्ष ठेवायचं. आजोबांनी पिशवीच्या तारखा दाखवल्या. सगळ्या नोंदी अर्ध्या दिवसाच्या फरकानं जुळत होत्या. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांचं खाणं कधीपासून सुरू करायचं, त्यांनी विचारलं. एवढ्या मोठ्या जातीची वाढ दीड-दोन वर्षं चालते, तेव्हा दीड वर्षाची झाली की बघू, म्हटलं.

आजी एवढा वेळ गप्प होत्या. "फराळाचं काय?"

"चिवडा अजिबात नाही, त्यात बेदाणे असतात. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं जाऊ शकतात. चकली नाही, लाडू नाही."

"एक शंकरपाळं?"

मी आजोबांकडे पाहिलं. ते वहीची पानं उलटत होते.

"सात ग्रॅम," ते म्हणाले. "काल मोजून ठेवलंय."