आमची वाटचाल : पन्ना नाही, जेड नाही

पुण्याच्या धायरीतल्या गाळ्यात दगड कापायचं एक सॉ मशीन आणि घोटायची दोन चाकं घेऊन आम्ही नवरा-बायकोनं काम सुरू केलं आणि पहिल्याच मालात हात पोळले. ‘जेड’ या मौल्यवान हिरव्या दगडाच्या म्हणून मिळालेल्या मण्यांच्या माळा आम्ही त्याच नावानं विकल्या. एका ताईंनी माळ लॅबमध्ये तपासून घेतली. घनता निघाली पाण्याच्या २.६५ पट. जेड याहून बराच जड, २.९ च्या आसपास किंवा पुढेच. आमच्या माळा ॲव्हेंच्युरिनच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, गारगोटीच्या होत्या. वहीत ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन करून पैसे परत केले.

दगड मात्र मनात बसला. वाळूचा खडक जमिनीत खोल, दाब आणि उष्णतेनं आवळला जातो, कणात कण गुंततो आणि क्वार्टझाइट बनतो. त्यात फुक्साइट हा अभ्रक असला की हिरवा ॲव्हेंच्युरिन. रंग त्या अभ्रकातल्या क्रोमियमचा, चमचमही त्याच्याच पापुद्र्यांची. आमचा रफ, म्हणजे न कापलेला दगड, कर्नाटकातून येतो.

तो बघायला शिकवलं गुजरातमधल्या खंबायतच्या, दगड घडवणाऱ्या चाचांनी. रफ पाण्यात बुडवायचा आणि दिव्याखाली हळूहळू फिरवायचा. एरवी नुसता हिरवट दिसणारा दगड जरा कलला की आतून ठिणग्या उठतात. पापुद्रे तिथे आडवे पसरलेले असतात. काप त्यांना समांतर घ्यायचा. उभा घेतला की चमक गेली. घोटाईत तर अजून जपावं लागतं. दहापैकी क्वार्ट्झची कठीणता ७, अभ्रकाची जेमतेम ३. हात जड पडला की अभ्रक निघून येतो आणि सुईनं टोचल्यासारखे खड्डे राहतात. आमचे पहिले चाळीस कॅबोशॉन, म्हणजे वरून घुमटासारखे घोटलेले खडे, असेच गेले.

चाचांना खोकला होता. क्वार्ट्झची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. गल्लीतली कोण कोण माणसं त्यानं गेली हे सांगताना ते चाक बंद करत. म्हणून धूळ उडू नये यासाठी आमच्याकडे पाण्याशिवाय चाक फिरत नाही, ऑर्डर कितीही घाईची असो.

आज मणी, पेंडंट, छोटे गणपती, पेपरवेट बनतात. प्रत्येक डबीत बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी असते: ‘ॲव्हेंच्युरिन, क्वार्ट्झ. रंगवलेला नाही. पन्ना नाही, जेड नाही.’ मागच्या महिन्यात दुसरी सॉ घेतली. आधी पाण्याची लाइन ओढली, मग वीज जोडली.