शिमगा सरल्यावर

2016 साली मी बर्लिनमध्ये एका छोट्या कंपनीत कामाला होते. रात्रीत जर्मन टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत परदेशांबद्दल काय काय आलं ते पहाटे साडेचारपासून चाळायचं आणि साडेसातच्या आत त्याचा इंग्रजी सारांश गिऱ्हाइकांना पाठवायचा, हे काम. गिऱ्हाइकं म्हणजे काही कंपन्या आणि दोन-तीन दूतावास. एका विषयाला सहा ओळी, हा कार्यालयाचा नियम. सातवी दिसली की संपादक बाई खोडून टाकायची.

रात्रीचे विनोदी कार्यक्रम माझ्या वाट्याला. कारण साधं, ते दुसऱ्या कुणाला नको असत.

1 एप्रिल, शुक्रवार. आदल्या रात्री झेडडीएफ या सार्वजनिक संस्थेच्या झेडडीएफ-निओ वाहिनीवर विनोदवीर यान ब्योमरमानचा कार्यक्रम झाला होता आणि त्यात त्याने तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यावर एक कविता वाचली होती. मागे तुर्की झेंडा, एर्दोआन यांची तसबीर, तुर्की धाटणीचं संगीत आणि खाली तुर्की भाषेत उपशीर्षकं. कवितेत काय होतं ते इथे लिहीत नाही. शेळ्या होत्या, बाकीचं कल्पनेवर सोडते. साताऱ्याला आमच्या आळीत होळीपुढे बोंब मारताना जे शब्द ऐकलेत, त्यातले बरेचसे भेटले. होळी होऊन आठच दिवस झाले होते, त्यामुळे शिमगा डोक्यात ताजा होता.

मी मजकूर उतरवून घेतला आणि घड्याळाकडे बघत सारांश ठोकला: जर्मन विनोदवीराने सार्वजनिक वाहिनीवर तुर्की अध्यक्षांबद्दल अश्लील कविता वाचली, वगैरे. सहा ओळी भरल्या. पाठवला.

नऊच्या सुमारास शेजारच्या टेबलावरचा सहकारी आला. जन्म बर्लिनच्याच क्रॉइत्सबर्ग भागातला, आईवडील तुर्कस्तानातले. त्याने माझा सारांश वाचला आणि विचारलं, "आधीचं बोलणं कुठे गेलं?"

आधीचं बोलणं म्हणजे कवितेचा सगळा सांगाडा. त्यासाठी दोन आठवडे मागे जावं लागेल. 17 मार्चला 'एक्स्ट्रा 3' या कार्यक्रमात एर्दोआन यांच्यावर एक टिंगलगाणं झालं होतं, जर्मन गायिका नेनाच्या जुन्या गाण्याच्या चालीवर, दोन मिनिटांचंही नाही. पत्रकारांवरची दडपशाही, कुर्दांवरचे हल्ले, सगळं त्यात होतं. तुर्कस्तानने त्याबद्दल चक्क जर्मन राजदूताला बोलावून घेतलं. मग त्या वाहिनीने काय करावं? तेच गाणं तुर्की उपशीर्षकांसह पुन्हा दिलं.

ब्योमरमानने तिथून धागा उचलला होता. तो आपल्या जोडीदाराशी शाळामास्तरच्या थाटात बोलत होता: ते गाणं चालतं, तो विडंबनाचा हक्क. पण एक प्रकार असा आहे की तो चालत नाही. त्याला जर्मन कायद्याच्या भाषेत 'श्मेक्रिटीक' म्हणतात. टीकेचा मुद्दा बाजूलाच, नुसती माणसाची नालस्ती. मग, हे करायचं नसतं बरं का, असं बजावत त्याने करून दाखवलं. मध्येच थांबून पुन्हा बजावलं. नंतर अशा वेळी काय होऊ शकतं, वकील कसा करायचा, कार्यक्रम संकेतस्थळावरून कसा काढला जाऊ शकतो, याचीही चर्चा.

आणि मी ते सगळं गाळलं होतं. जागा नव्हती म्हणून. शिमग्याची बोंब तेवढी उचलून पाठवली, होळी मागेच राहिली.

मी संपादक बाईकडे गेले. ती आधीच सावध होती. वर्षभरापूर्वी याच माणसाने ग्रीसच्या अर्थमंत्र्याच्या मधल्या बोटाची गाजलेली चित्रफीत आपणच बनवली असं सांगून अख्ख्या देशाला गोंधळात पाडलं होतं. "त्याचं प्रास्ताविकही विनोदच आहे. त्याच्यावर विश्वास ठेवून दुरुस्ती पाठवू?" ती म्हणाली. मुद्दा चुकीचा नव्हता. वाद घालता घालता दुपार झाली आणि तिला दाखवायला म्हणून मी लिंक उघडली, तर कवितेचा भाग गायब. तारीख बघून मला वाटलं, एप्रिल फूल. पण झेडडीएफनेच तो काढला होता. आपल्या विडंबनाच्या दर्जात बसत नाही, म्हणे. त्याने कार्यक्रमात सांगितलं होतं, अगदी तसंच.

आता आमच्याकडे पुरावा एकच, माझी वही. त्यात कविता नीट उतरवलेली आणि प्रास्ताविकाच्या जागी तिरक्या अक्षरात चार शब्द: "कायद्यावर बडबड, पुढे न्या".

शेवटी सहकारी आणि मी आठवून आठवून ते संभाषण जुळवलं. त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. मी विचारलं, "तुला आवडलं होतं का एवढं?" तो म्हणाला, "पहिल्या गाण्याला मी पोट धरून हसलो. याला नाही. शेळ्या, अंगाचा वास, हे माझ्या बापाने इथल्या कारखान्यात ऐकलंय. त्याचा एर्दोआनशी काय संबंध?" हे मात्र कुठल्याच सारांशात बसणारं नव्हतं. मीही ते त्याच्याकडून ऐकेपर्यंत पाहिलं नव्हतं. मला ती फक्त आपल्याकडची शिमग्याची शिवी वाटली होती.

दुपारी चारला दुरुस्ती गेली, अकरा ओळींची. बाईने एकही खोडली नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वेळी युरोपने तुर्कस्तानशी निर्वासितांचा करार केला होता आणि सोमवारी, 4 एप्रिलला, ग्रीसमधून माणसं परत पाठवायला सुरुवात व्हायची होती. रविवारी जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर मर्केल तुर्की पंतप्रधानांशी फोनवर बोलल्या आणि कविता 'जाणूनबुजून दुखावणारी' असल्याचं म्हणाल्या. तसं म्हणणं चुकलं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. जर्मन दंडसंहितेत तेव्हा 103 वं कलम होतं, कैसरच्या काळातलं: परदेशी राष्ट्रप्रमुखाचा अपमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. इराणच्या शहाने त्याचा वापर केल्यापासून लोक त्याला 'शहाचं कलम' म्हणत. खटल्याला त्या देशाची मागणी लागायची आणि जर्मन सरकारची परवानगीही. 15 एप्रिलला मर्केल यांनी परवानगी दिली आणि त्याच निवेदनात हे कलम रद्द करणार असंही सांगितलं. मारायचं आणि फुंकरही घालायची. ऑक्टोबरमध्ये माइन्त्सच्या सरकारी वकिलांनी चौकशी बंद केली आणि 2018 च्या 1 जानेवारीला कलम गेलं.

पण मला लक्षात राहिलाय तो 17 मे. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने एर्दोआन यांच्या दिवाणी अर्जावर अंतरिम आदेश दिला. कवितेच्या ओळी मोजून त्यांनी 24 पैकी 18 पुन्हा म्हणायला बंदी घातली. अध्यक्षांच्या राज्यकारभाराला झोंबणाऱ्या ओळी राहू दिल्या. मी बातमीचा सारांश लिहायला घेतला तेव्हा सहकारी मागे येऊन उभा राहिला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला,

"सहा उरल्या. न्यायाधीश आपल्याच कार्यालयातला दिसतोय."