लॅमिंग्टन रोडची फेरी: रोबोटच्या हातासाठी पॉट निवडताना

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनी यंदा प्रोजेक्ट घेतलाय तो असा: आपण बोटांनी हलवायचा एक छोटा नमुना-हात, आणि त्याची हालचाल जशीच्या तशी करणारा, सर्व्होंवर (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरांवर) चालणारा मोठा हात. नमुना-हाताच्या प्रत्येक सांध्यात एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांडा फिरवला की रोध बदलणारा पॉट, बसतो आणि सांधा किती वळला ते व्होल्टेजच्या रूपात आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला कळवतो. सांधे पाच. पॉट ऑनलाइनही मिळतात, पण फोटोवरून दांडा किती डुगडुगतो ते कळत नाही, मीटर लावून बघता येत नाही. शिवाय मुलांनी एकदा तरी मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार पाहावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून दोघांना घेऊन नाशिकहून सकाळची पंचवटी पकडली.

जाणं सोपं आहे. दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची स्लो लोकल घेऊन ग्रँट रोडला जायचं आणि पूर्वेकडून बाहेर पडायचं. तिथून पायीच जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, विचारताना मात्र लॅमिंग्टन रोडच म्हणा. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात आणि रविवारी बहुतेक बंद असतात.

गाडीत बसल्यावर यादी काढायला लावली. यादीत एकच ओळ होती, ‘१०के (दहा हजार ओहमचा) पॉट, ५ नग’. एवढ्यावर दुकानात गेलात तर काउंटरवरून उलट प्रश्न येतात: लिनिअर की लॉग? प्रीसेट की नॉबवाला? शाफ्ट (दांडा) केवढी? सिंगल टर्न (एका फेऱ्याचा) की हेलिपॉट (अनेक फेऱ्यांचा)? म्हणून कल्याण येईपर्यंत आम्ही प्रत्येक सांध्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या. सांधा किती अंशांत फिरतो, दांडा कशात अडकवायचा आणि पॉटचं अंग कशाला कसायचं. माझं ठाम मत आहे की रोबोटसाठी पॉट घेताना ओहमचा आकडा शेवटी येतो. आधी कोन, मग दांडा आणि बसवण्याची जागा. ते ठरलं की निम्मी दुकानदारी तिथेच आटोपते.

कोनाचं गणित असं. साधा एका फेऱ्याचा पॉट टोकापासून टोकापर्यंत साधारण ३०० अंश फिरतो, त्यातल्या सुमारे २७० अंशांत रोध खरोखर बदलतो. आर्डुइनो उनो ० ते ५ व्होल्टचे ० ते १०२३ असे आकडे करतो. म्हणजे एका आकड्यामागे साधारण पाव अंश. चिमट्याचा सांधा फक्त ६० अंश फिरतो, तरी त्याला सव्वादोनशेच्या आसपास पायऱ्या मिळतात. छंदाच्या सर्व्होसाठी हे भरपूर झालं, मध्ये गिअर घालायची गरज नाही.

आमच्यातल्या मुलीला हेलिपॉट फार आवडला होता. निळा, जड, दहा फेऱ्यांचा, फिरवताना लोण्यासारखा. तिचं म्हणणं, ‘सर, हा जास्त अचूक असणार ना?’ तिथेच काउंटरवर कागद घेतला. दहा फेरे म्हणजे ३६०० अंश, भागिले १०२४, म्हणजे एका आकड्याला साडेतीन अंश. कोपर ९० अंश फिरलं तर हाती जेमतेम २५ पायऱ्या! तिने स्वतःच तो परत ठेवला. हेलिपॉट वाईट नाही, उलट उत्तम वस्तू आहे. ३५९०एस प्रकारचा अस्सल नग दहा लाख फेऱ्यांसाठी बनवलेला असतो. पण त्याची जागा वेगळी: दोरी आणि पुलीवर वर-खाली होणारी लिफ्ट, लांब सरकणारी पट्टी, जिथे दांडा खरोखर अनेक फेरे फिरतो तिथे. घ्यायचाच झाला तर दांडा मोजून घ्या, ६.३५ मिलिमीटरचाही येतो आणि ६ चाही. ६ साठी थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या भोकात ६.३५ चा जात नाही.

प्रीसेटच्या वाटेला सांध्यासाठी जाऊच नका. ती निळी चौकोनी डबी, वर स्क्रूड्रायव्हरची खाच, अंगावर १०३ लिहिलेलं. १०३ म्हणजे १०के, मूल्य अगदी बरोबर, म्हणूनच मुलं फसतात. ३२९६ जातीच्या प्रीसेटचं आयुष्य डेटाशीटमध्ये फक्त २०० सायकलचं, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतच्या तेवढ्याच आवर्तनांचं, दिलेलं असतं. एकदा सेट करून विसरायची वस्तू आहे ती. पॉटचं आणखी एक जुळं भावंड म्हणजे रोटरी एन्कोडर; तो रोध बदलत नाही, फिरण्याच्या पायऱ्या मोजायला असतो. दांडा तसाच, अंग तसंच, पण फिरवताना टिक-टिक लागते आणि न थांबता गोल फिरत राहतो. बटणवाल्या एन्कोडरला एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन पाय असतात. डब्यात दोन्ही मिसळलेले असू शकतात, फिरवून बघा.

लिनिअर-लॉगचा घोळ अक्षरावर सुटतो. आजच्या मालावर बी१०के म्हणजे लिनिअर, दांडा जितका फिरेल त्याच प्रमाणात रोध बदलणारा; ए१०के म्हणजे लॉग, तसा सम प्रमाणात न बदलणारा, आवाज कमी-जास्त करण्यासाठीचा. सांध्याला बी. जुन्या मालात अक्षरांचा अर्थ उलटाही सापडतो, म्हणून मीटर सोबत न्याच. आधी दोन्ही टोकांच्या पायांवर रोध मोजा. १०के च्या जागी ८.५ किंवा ११.५ आला तरी घाबरू नका, कार्बन पॉटमध्ये २० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. आपण व्होल्टेज विभाजक म्हणून जोडतो (दोन टोकांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मधल्या पायावर त्यातला वाटा), तिथे गुणोत्तर महत्त्वाचं. मग एक टोक आणि मधला पाय धरून दांडा बरोबर मध्यावर आणा. अर्ध्याच्या आसपास आकडा आला तर लिनिअर, फारच खाली किंवा फारच वर दिसला तर लॉग.

आता खरी परीक्षा, तिला घाई करू नका. दांडा अगदी सावकाश फिरवत न्यायचा आणि आकड्यावरची नजर हलवायची नाही. एका दुकानातल्या वयस्कर काकांनी त्यासाठी गल्ल्यामागून काटेवाला मीटर काढून दिला. ‘डिजिटलमध्ये झटका लपतो, काटा लपवत नाही,’ म्हणाले. खरंच, एका पॉटवर काटा छान चढत होता आणि दोन-तृतीयांशावर एकदम थरथरून पुन्हा जागेवर आला. तिथे आतल्या कार्बनच्या पट्टीवर घाण किंवा चरा. सर्व्होला जोडला असता तर मोठा हात नेमका त्या कोनात येऊन थडथडला असता. काकांनी न बोलता तो बाजूला टाकला, दुसरा दिला. दांडा आडवा दाबूनही बघा. आडव्या दाबाने आकडा बदलत असेल तर सांध्यात तो नकोच.

१०केच का, तर उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपला १०के किंवा त्याहून कमी रोधाचा स्रोत लागतो. १०के पॉट मध्यावर असताना चिपला तो २.५के दिसतो, १००के चा मात्र २५के, आणि वाचन डळमळतं. १के घेतला तर एकेक पॉट ५ मिलिअँपिअर उगाच खातो. १०केला अर्धा मिलिअँपिअर पुरतो.

दांडा शक्यतो डी-कटचा (एका बाजूने सपाट कापलेला), ६ मिलिमीटरचा घ्या. दातेरी दांड्यावर छापलेला भाग घसरतो. पॉटच्या अंगावर पत्र्याची एक छोटी जीभ बाहेर आलेली असते, ती मोडू नका. पॉट कसायच्या पट्टीत तिच्यासाठी भोक ठेवलं की नट सैल झाला तरी अंग फिरत नाही. आणि पॉट शेवटच्या टोकाला आपटण्याआधी सांधा स्वतःच्या अडथळ्यावर थांबला पाहिजे. पॉटमधला अडथळा नाजूक असतो, जोरात वळवला की आतून तुटतो.

साधे कार्बन पॉट स्वस्त असतात, तेव्हा पाचांना आठ घ्या, एकाच लॉटमधले. कॉलेजकडून पैसे मिळायचे असतील तर जीएसटीचं बिल आधीच मागा, सुटा माल बिलाशिवाय पुडीत बांधून मिळतो.

घरी जोडताना पॉटला ५ व्होल्ट आर्डुइनोच्याच पिनवरून द्या, सर्व्होच्या सप्लायवरून नको. सर्व्हो ओढ घेतात तेव्हा तो सप्लाय दबतो आणि सगळे सांधे एकदम थरथरतात. ग्राउंड मात्र सगळ्यांचं एकच. मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर लावा. आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड वापरत असाल तर पॉटला ३.३ व्होल्टच द्या. शेवटी प्रत्येक सांधा दोन्ही अडथळ्यांपर्यंत नेऊन येणारे आकडे वहीत टिपा आणि प्रोग्रॅममध्ये तेच घाला. आमच्या मनगटाचे १२८ ते ८७१ आले, खांद्याचे वेगळे.