कूलरची हवा कुठे जाते?

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलरला नव्या ताट्या बसतात. धंतोलीतल्या ज्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून पहिल्यांदा लागले, तिथेही बसल्या. क्षयासाठी तपासायच्या थुंकीच्या नमुन्यांच्या टेबलामागची खिडकी रिकामी होती, म्हणून कूलर तिथे. बाहेर ४५ अंश, पाठीवर गार हवा, सगळे खूश. एका दुपारी टेबलावरचा टिश्यू पेपर उडाला तो थेट दाराबाहेर गेला आणि बाकड्यावर बसलेल्या एका आजींच्या पायाशी पडला. मी तो उचलायला वाकले आणि तिथेच थबकले. कागद जिथे पोचला, तिथे टेबलावरची हवाही रोज पोचत होती.

तोवर माझी जैवसुरक्षा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जंतूंपासून स्वतःला आणि इतरांना जपणं, हा एक पाठ केलेला तक्ता होता. अमुक जंतू धोक्याच्या तिसऱ्या गटातला, म्हणून तिसऱ्या पातळीची प्रयोगशाळा हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा जैवसुरक्षा पुस्तिकेची चौथी आवृत्ती २०२० मध्ये आली, तिने हे गणित मोडलं. जंतूचा गट आणि प्रयोगशाळेची पातळी यांची जोडी लावून मोकळं व्हायचं नाही. काय करताय, किती प्रमाणात करताय, करणाऱ्याचा हात किती तयार आहे, चूक होण्याची शक्यता किती आणि झाली तर परिणाम किती मोठा, हे आधी बघायचं. उपाय त्यावरून ठरवायचे.

क्षयाचंच बघा. थुंकीची स्लाइड हवेशीर खोलीत, नीट काळजी घेऊन, उघड्या टेबलावर करता येते. तोच जंतू कल्चरमध्ये, म्हणजे पोषक द्रव्यात, वाढवला आणि औषधांच्या चाचणीसाठी ती नळी उघडून ढवळली की हवेत बारीक तुषार उडतात, आणि एकेका थेंबात जंतूंची संख्या कितीतरी पट असते. जंतू तोच असला तरी या कामाला वेगळी बंदिस्त खोली, कॅबिनेट (समोरून हवा आत ओढणारी कामाची पेटी) आणि मुरलेला माणूस लागतो.

आणि नुसती पातळी वाचवत नाही. २००३ च्या डिसेंबरात तैवानमध्ये एका संशोधकाला सार्सची लागण झाली, ती चौथ्या, म्हणजे सगळ्यात कडक पातळीच्या प्रयोगशाळेत, सांडलेला कचरा साफ करताना. हे वाचल्यावर मी दारावरच्या पाटीपेक्षा हातांकडे जास्त बघायला लागले.

आमच्यावरही एकदा वेळ आली. काटोलकडचा एक शेतकरी महिनाभर तापानं फणफणत होता. ब्लड कल्चरची बाटली चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आली. स्लाइडवर वाळू पसरावी तसे बारीक, गुलाबी जंतू दिसले. माझ्या तरुण सहकाऱ्यानं ते जंतू वाढवलेली प्लेट उघड्या टेबलावर उघडली, वास घेतला, कॅटालेजची (जंतूंवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बुडबुडे येतात का बघायची) चाचणीही तिथेच केली. वास घेऊन जंतू ओळखायची सवय जुनी, आम्हीच शिकवलेली. मला शंका आली म्हणून वॉर्डात फोन लावला. पलीकडे रुग्णाचा भाऊ होता.

"ताई, बकऱ्या आहेत ना आमच्याकडे. दोन गाभडल्या यंदा, त्यानंच सोडवल्या."

ब्रुसेला. जनावरांना गाभडवणारा आणि त्यांच्याकडून माणसाला लागणारा जंतू. प्रयोगशाळेत लागण होणाऱ्या जंतूंमध्ये हा फार वरच्या क्रमांकावर आहे, कारण श्वासावाटे थोडेच जंतू गेले तरी पुरतात. फॉर्मवर फक्त 'ताप' लिहिलं होतं. आम्ही तिघांनी २१ दिवस डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही जंतूंवरची औषधं घेतली, सहा महिने रक्त तपासत राहिलो. कुणाला काही झालं नाही. पण त्या तरुण सहकाऱ्याची आई रोज संध्याकाळी मला फोन करायची, ते मी विसरू शकत नाही.

त्यानंतर आमच्या फॉर्मवर दोन ओळी वाढल्या: काम काय करता, घरी जनावरं आहेत का. माझ्या मते कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा या दोन ओळींनी आम्हाला जास्त जपलंय. वास घेणं कायमचं बंद झालं. संशयित प्लेटला टेप लागते आणि ती कॅबिनेटमध्येच उघडते.

कॅबिनेटचंही सांगते. त्याच्या तोंडाशी आत ओढली जाणारी हवा सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. आपण चालतो त्यापेक्षाही हळू. मागून कुणी लगबगीनं गेलं, वरचा पंखा सुरू राहिला, तरी ती हवेची भिंत हलते. म्हणून काम सुरू असताना पंखा बंद आणि त्या बाजूनं येजा बंद. मग मे महिन्यात एन-९५ लावून माणूस टिकणार कसा? घामानं मास्क नाकाखाली सरकतो, हीसुद्धा जोखीमच आहे आणि ती आमच्या गावची आहे, कुठल्याही तक्त्यात सापडायची नाही. आम्ही उन्हाळ्यात थुंकीचं सगळं काम सकाळी साडेसातला सुरू करून अकराच्या आत संपवतो. कूलर नोंदणीच्या खोलीत गेला. हवा आता तिकडून येते, टेबलावरून जाते आणि खिडकीतल्या एक्झॉस्टमधून मोकळ्या मैदानाकडे बाहेर पडते.

पडत होती, म्हणायला हवं. गेल्या दिवाळीपासून त्या मैदानावर इमारत उठतेय आणि तिची भिंत एक्झॉस्टच्या अगदी समोर आलीय. सोमवारी रुग्ण यायच्या आत टेबलावर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघणार आहे. दाराकडे वळला तर स्लाइडचं काम त्याच दिवशी मागच्या खोलीत हलवायचं, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय.