तेओतितलानच्या अंगणात लाल रंगाचा सराव

मेक्सिकोतील वाहाका शहराच्या पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर तेओतितलान देल वाये हे झापोटेक या मूळनिवासी समाजातील विणकरांचे गाव आहे. तेथील छायाचित्रण कार्यशाळेत केलेल्या सरावाची ही नोंद आहे. हाताने रंगवलेल्या धाग्याचा रंग छायाचित्रात जसाच्या तसा कसा उतरवावा, या एकाच प्रश्नावर सध्या माझे काम चालू आहे. या गावातील अनेक घरांत लोकरीचे गालिचे विणले जातात आणि त्यांतील काही घरे आजही वनस्पती व कीटकांपासून रंग तयार करतात, त्यामुळे रंग बनण्यापासून तो मागावर चढेपर्यंतचा सगळा प्रवास एकाच अंगणात टिपता येतो.

लाल रंग येतो तो कोचिनीलपासून. फड्या निवडुंगावर पांढऱ्या मेणचट आवरणाखाली वाढणारे हे कीटक वाळले की करड्या खड्यांसारखे दिसतात. रंगारी बाईंनी त्यांतील काही तळहातावर चुरडले, तेव्हा गडद किरमिजी डाग उमटला. लिंबाचा रस पिळताच तो नारिंगीकडे झुकला आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पडताच जांभळा झाला. हे सगळे इतक्या झपाट्याने घडते, की फोकस आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवणारी कॅमेऱ्याची मांडणी) आधीच पक्के करून ठेवणे भाग असते. मी तळहाताशेजारी ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचा तटस्थ करडा पुठ्ठा) धरून एक छायाचित्र घेतले आणि पुढची सगळी त्याच मापावर बेतली. छपरावर अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे पत्रे असतील, तर खालच्या उजेडाला पत्र्याची छटा चढते. म्हणून जागा बदलली की कार्डाचे छायाचित्र पुन्हा घ्यावे.

या टप्प्यात खरी प्रगती झाली ती एक्स्पोजरच्या, म्हणजे सेन्सरवर किती उजेड पडू द्यायचा याच्या बाबतीत. कोचिनीलच्या लडीवर उजेड पडला की सेन्सरचा लाल चॅनेल (लाल रंगाची वेगळी नोंद) हिरव्या व निळ्या चॅनेलच्या कितीतरी आधी कमाल मर्यादेपर्यंत भरतो. एकूण उजळपणाचा हिस्टोग्राम (छायाचित्रातील उजेड-अंधाराचे प्रमाण दाखवणारा आलेख) मात्र निर्धास्त दिसत राहतो, कारण त्यात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे लोकरीचे तंतू, पीळ आणि सावल्या नाहीशा होऊन लालभडक सपाट पट्टा उरतो. तिन्ही चॅनेलचे वेगळे हिस्टोग्राम पाहून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) उतरवले आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल ठेवली, तेव्हा एकाच लडीतील गडद व फिकट धागे वेगळे दिसू लागले. लाल पैठणी किंवा गुलाल टिपणाऱ्यांनीही हा उपाय जरूर करून पाहावा.

निळीचे काम याच्या अगदी उलट, कारण तिथे वेळ हाच विषय असतो. पिंपातून बाहेर काढलेली लड आधी हिरवट असते आणि हवा लागताच निळी होत जाते. कॅमेरा तिवईवर ठेवून, एक्स्पोजर न बदलता सलग छायाचित्रे घेतली, तरच हा बदल खरा वाटतो.

मागाची छायाचित्रे मला सर्वांत जवळची वाटतात. पायाने चालवायचे हे माग सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेंढ्यांबरोबर येथे आणले. त्याआधी येथे कंबरेला बांधायच्या मागावर विणकाम होत असे. गालिच्यांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या भौमितिक नक्षीचे नाते वाहाकाजवळच्या मितला या झापोटेक अवशेषस्थळावरील प्राचीन दगडी भिंतींशी आहे. आपल्या पैठणीच्या पदराप्रमाणे येथेही नक्षी बाण्याच्या (आडव्या) रंगीत धाग्यांनीच भरतात, म्हणून विणकराची बोटे सतत नक्षीच्या काठावर असतात आणि माझी चौकटही मी तिथेच धरली. शटर १/२५० सेकंद उघडे ठेवले तर सगळे थिजते आणि काम थांबल्यासारखे दिसते. १/१५ सेकंदाला बोटे स्पष्ट राहून ठोकणारी फणी धूसर होते. मला दुसरे अधिक प्रामाणिक वाटते.

छायाचित्र काढण्यापूर्वी प्रत्येक घरात परवानगी घेतली होती आणि छापील प्रती पाठवण्याचे कबूल केले होते. सध्या त्याच प्रतींवर काम चालू आहे. छपाईच्या कागदावर गडद किरमिजी छटा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे प्रिंटरच्या प्रोफाइलनुसार (तो कोणते रंग कसे छापतो याच्या नोंदीनुसार) पडद्यावर पूर्वतपासणी करून चाचणीच्या पट्ट्या काढत आहे. मॅट कागदावर लोकरीचा पोत चांगला येतो, पण लाल दबतो. पुढची चाचणी बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर करणार आहे.