पडदा बुजला, पण

डाव्या कानाचा पडदा ताजा फाटलेला दिसला की मारणारा उजव्या हाताचा असणार, हे आधी मनात येतं. ती म्हणत होती, "मोरीत घसरले मॅडम, बादलीची कड लागली."

बादली लागली तर पाळीला खरचटतं. इथे पाळी आणि नळी दोन्ही स्वच्छ, आणि पडद्यात खालच्या बाजूला वेडंवाकडं भोक, कडांवर रक्त. कानावर सपाट हात बसून आतली हवा दाबली गेली की पडदा असा फाटतो. सासूने त्यात लसणाचं तेल ओतलेलं. वर एका डॉक्टरांनी पडदा न बघताच जेंटामायसिनचे थेंब दिलेले. याचा मला फार राग येतो. भोकातून ते औषध आतल्या कानात पोचलं तर ऐकणं कायमचं जाऊ शकतं.

असं भोक बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बुजतं. कान कोरडा ठेवायचा, नाक जोरात शिंकरायचं नाही, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. पण हिच्या कडा आत दुमडल्या होत्या. तशा राहिल्या तर भोक राहून जाण्याची भीती. मायक्रोस्कोपखाली बारीक हुकने एकेक कड उलगडली आणि वर सिगारेटच्या कागदाची चकती बसवली. बॉस्टनच्या डॉ. ब्लेक यांनी १८८७ मध्ये सांगितलेला हा उपाय. चकती बसताच ती म्हणाली, "पंखा ऐकू येतोय."

पडद्याची कातडी बाहेरच्या दिशेने सरकत वाढते, चकतीलाही सोबत नेते. पुढच्या एका तपासणीत ती नळीतल्या मळाला चिकटलेली सापडली. मागे पडदा अखंड, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याची चाचणी नॉर्मल.

तेव्हा नवरा सोबत आला होता. "बरा झाला असं लिहून द्या. मेव्हणा पोलिसात जाईन म्हणतोय."

एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं, तर कायदा त्याला गंभीर दुखापत म्हणतो. माझ्या उपचाराला यश आलं आणि त्याचा गुन्हा हलका झाला, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. म्हटलं, "कागद पेशंटलाच मिळेल, आणि पहिल्या दिवसाच्या नोंदीसकट मिळेल."

ऑडिओग्रामच्या खोलीत मी तिला एकटीला विचारलं होतं. मारल्याचं ती तेव्हाही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पहिल्या दिवशी कानाचा फोटो काढला होता ना? तो किती दिवस ठेवता?"

"तुम्ही मागेपर्यंत."

अजून मागितलेला नाही. प्रिंट काढून, तारीख घालून, सही करून फाइलला लावलाय.