तुम्ही विचारलंत म्हणून: इम्युनिटी का नाही वाढवत?

हिपॅटायटिस बी आहे म्हटलं की पहिला प्रश्न कुठून झाला (सोडा तो) आणि दुसरा ठरलेला, मग इम्युनिटी का नाही वाढवत? एकदाच लिहिते.

माझी इम्युनिटी वीक नाहीये हो. हा व्हायरस जन्माच्या वेळी आला तर साधारण ९० टक्के बाळांमध्ये कायमचा राहतो, धडधाकट मोठ्या माणसाला झाला तर ५ टक्क्यांहून कमी वेळा. माझा जन्मापासूनचा. आणि लिव्हरची पेशी काही गप्प बसत नाही, एसएमसी५/६ म्हणून प्रोटीनचा एक गट व्हायरसच्या डीएनएला धरून त्याचं काम बंद पाडतो, पण व्हायरसचं एक्स प्रोटीन पेशीचीच नको ती प्रोटीनं मोडायची यंत्रणा वापरून त्या गटालाच मोडून टाकतं. हे २०१६ मध्ये कळलं. आता याला कुठला काढा देणार सांगा.

मधे एकदा डोळे पिवळे झाले, एएलटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजाराच्या वर, उठून बसायची ताकद नाही, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, मात्र उतरत होता. मी खूश! डॉक्टर खूश नव्हत्या. म्हणाल्या, हा व्हायरस स्वतः पेशी फारशा मारत नाही, तुमच्या टी-सेल्स मारतायत, व्हायरस असलेल्या पेशी. म्हणजे ज्या इम्युनिटीची सगळे आरती ओवाळतात तीच माझं लिव्हर खात होती. मी म्हटलं मग लढू दे ना, जिंकतेय तर. त्यांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दाखवला, वाढत चाललेला, म्हणजे लिव्हर रक्त गोठवणारी प्रोटीनं बनवायला कमी पडत होतं. त्याच दिवशी टेनोफोविर, व्हायरसवरची गोळी, सुरू.

टी-सेल्सना दुसरंही जमतं, इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ ही निरोप देणारी प्रोटीनं बाहेर सोडायची आणि पेशी न मारताच व्हायरस दाबायचं, चिंपांझींमध्ये १९९९ मध्येच दिसलंय. माझ्यात तेही चालू असणार. टेनोफोविर नवीन कॉप्या थांबवतं, पण पेशीच्या केंद्रकात व्हायरसचा जो गोल डीएनए बसलाय त्याला हात लावत नाही, म्हणून गोळी चालूच. तेव्हाची मी अजून भांडते, थोडं थांबायला हवं होतं, कदाचित साफ झाला असता. मी तिला आयएनआर दाखवते. तिला पटत नाही, आणि खरं सांगू, काही दिवशी मलाही नाही.